"टेन्शन आहे" याच्या पुढे कसं जायचं? दीर्घकालीन आजार असलेल्यांच्या गटासाठी मदत हवी आहे

पूर्वा_माहीम

नमस्कार. माहीममध्ये दर दुसऱ्या शनिवारी दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांचा एक छोटा गट भरतो. त्याचं संयोजन माझ्याकडे आहे. १० ते १२ जण येतात, वयं ३५ ते ७०. निम्म्यांना मधुमेह, तिघांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात, दोघांना हृदयविकार, आणि एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. गोळ्या, पथ्य, व्यायाम यांवर भरभरून बोलणं होतं. मनाचा विषय निघाला की गाडी अडते.

"कसं वाटतंय?" या प्रश्नाला दोनच उत्तरं येतात, "ठीक" नाहीतर "टेन्शन आहे".

रोज रात्री मनातलं लिहायला सगळ्यांना वह्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात दोनच वह्या भरलेल्या होत्या, आणि त्यांतही शुगरचे आकडे.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं विचारणारी प्रश्नावली भरून घेतली, तर ११ पैकी ८ जणांचे गुण १० च्या वर. एवढ्या सगळ्यांना नैराश्य आहे असं धरायचं का?

गटात उपचार करायचे नाहीत. आपल्या मनात काय चाललंय हे ज्याचं त्याला ओळखता यावं आणि गरज पडली तर योग्य ठिकाणी वेळेत पोचता यावं, इतकंच हवं आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया तपशिलात लिहा.

---

अनुस्वार

पूर्वाताई, पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. "टेन्शन" हे झाकण आहे. त्याखाली सहा-सात निरनिराळ्या भावना असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. झाकण काढायला इंग्रजी तक्ते लागत नाहीत, आपल्याकडे फार नेमके शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात ते मागे पडलेत, तेवढे पुढे आणायचे, एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून.

धाकधूक ही निकालाआधीची असते. एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट संध्याकाळी मिळणार असला की सकाळपासून असते आणि रिपोर्ट हातात पडला की संपते. तिच्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवायच्या: रिपोर्ट कुणासोबत बघायचा, आणि आकडा वाढलेला निघाला तर पहिला फोन कुणाला करायचा. धास्ती मात्र रोज मुक्कामाला असते: रात्री झोपेत शुगर उतरली तर, घरात एकटी असताना चक्कर आली तर. ती नुसत्या धीराने जात नाही, तयारीने कमी होते. उशाशी ग्लुकोज, शेजाऱ्यांकडे एक किल्ली, फोनमध्ये वर आणून ठेवलेले दोन नंबर. धसका आणखी वेगळा. तो एखाद्या प्रसंगानंतर बसतो. हार्ट अटॅकनंतर जिना चढायचा धसका बसला की माणूस जिना टाळतो, आणि जितका टाळतो तितका धसका मुरत जातो. इथे डॉक्टरांना विचारून, ठरवून दिलेल्या मापाने थोडं थोडं चढणं हाच उपाय आहे. "आराम करा हो" म्हणणाऱ्या घरच्यांनाही हे समजावून सांगावं लागतं.

रुखरुख मागच्या गोष्टीची असते: "दोन वर्षं आधी तपासलं असतं तर." ओशाळलेपण लोकांसमोरचं: लग्नाच्या हॉलमध्ये इन्सुलिन घेताना, मुलाकडे औषधांचे पैसे मागताना. ही भावना सर्वांत जास्त लपवली जाते आणि तिच्यापायी डोस चुकतात, म्हणून तिची चिठ्ठी मुद्दाम ठेवा. घुसमट घरच्यांच्या काळजीतून येते, वैताग पथ्यपाण्यातून. आणि उदासी, मनावरचं मळभ, याला बहुतेकदा बोट दाखवता येईल असं कारण सापडत नाही. आवडत्या गोष्टींवरून मनच उडालेलं असतं. ही शेवटची चिठ्ठी कुणी दोन-तीन बैठकांत सलग उचलली तर लक्ष ठेवा.

असे १२ शब्द १२ चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरा. प्रत्येकाने गेल्या आठवड्याच्या दोन उचलायच्या. मग तीनच प्रश्न: केव्हा वाटलं, अंगात कुठे जाणवलं, त्यानंतर काय केलं. "का वाटलं?" विचारू नका. "का" म्हटलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो आणि भावना हातातून निसटते. एकाला पाच मिनिटं पुरतात, म्हणजे बारा जणांचा तास होतो.

काहींना चिठ्ठीवरचा एकही शब्द आपला वाटत नाही. ते हट्टी नसतात. भावना ओळखून तिला नाव देणं काहींना खरोखरच जड जातं. मानसशास्त्रात याला अलेक्सिथायमिया म्हणतात, १९७० च्या दशकात पीटर सिफनिओस या मनोविकारतज्ज्ञांनी हा शब्द रूढ केला. अशांना शरीराच्या वाटेने आणा. आपली भाषा त्या वाटेवर फार समृद्ध आहे: पोटात गोळा येणं, काळजात धस्स होणं, हातपाय गळणं, जीव टांगणीला लागणं, डोक्यावर ओझं. त्यांना यातलं निवडू द्या, नाव नंतर सापडेल. एक मोठी सावधगिरी घ्या. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्याने "छातीत भरून आलंय", "दम लागतोय" म्हटलं आणि ते नव्याने सुरू झालं असेल किंवा घाम, मळमळ किंवा हात-जबड्यात कळ सोबत असेल, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. मधुमेहात छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो.

आता वही. रात्रीची वेळ चुकली. झोपताना माणूस दमलेला असतो आणि त्या क्षणाचा रंग आख्ख्या दिवसाला लागतो. शिवाय कोरं पान समोर आलं की एकतर काहीच सुचत नाही, नाहीतर त्याच त्या गोष्टीचा रवंथ सुरू होतो, आणि त्याने मन आणखी खाली जातं. नोंद आधीपासून होत असलेल्या एखाद्या कामाला बांधा: सकाळची गोळी, शुगर तपासणं, संध्याकाळचा चहा. दिवसातून दोनदा, एका ओळीत चार रकाने: वेळ, एक शब्द, ० ते १० मधला आकडा, आणि आधी काय घडलं ते जास्तीत जास्त पाच शब्दांत. अर्ध्या मिनिटाचं काम. १४ दिवस करायचं आणि थांबायचं. "कायमची सवय लावा" म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते, तेच तुमच्याकडे झालंय.

दुसरं कारण कुणी बोलून दाखवणार नाही, पण वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात तिथे वही कोण वाचेल याची खात्री नसते. "सुनेचा वैताग आला" असं लिहायला कोण धजेल? म्हणून शब्दांना खुणा द्या. कालनिर्णयच्या चौकोनात "धा ६" लिहिलं तर धाकधूक, तीव्रता ६, हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

१४ दिवसांनी सगळं वाचत बसू नका. सर्वांत मोठे तीन आकडे बघा आणि त्यांच्या आदल्या दिवशी काय होतं ते शोधा. बहुतेकदा अपुरी झोप, वाढलेलं दुखणं, ओपीडीची तारीख किंवा महिनाअखेरचं औषधांचं बिल निघतं. त्यातल्या एकाच गोष्टीत एक बदल ठरवायचा.

---

परळ_ओपीडी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी पीएचक्यू-९ बद्दल लिहितो.

ही चाळणी आहे, निदान डॉक्टरांच्या मुलाखतीतून होतं. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. दीर्घ आजारात अडचण अशी की झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचाल मंदावणं हे पाच प्रश्न आजार स्वतःच भरून टाकतो. संधिवात उसळलेला माणूस रात्री झोपत नाही, किडनीच्या रुग्णाला भूक नसते. पाहता पाहता ८-१० गुण होतात.

म्हणून एकूण बेरजेआधी पहिला, दुसरा, सहावा आणि नववा प्रश्न वेगळे काढून बघा: रस उरलेला नसणं, मन उदास किंवा हताश असणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. दोघांचे गुण १३ असू शकतात. एकाचे ११ थकवा, झोप, भूक अशा त्या पाच प्रश्नांतून आलेले असतील, तर दुसऱ्याचे पहिल्या दोन प्रश्नांतच ६ असतील. दुसऱ्याला लवकर पाठवा. पहिल्याला सोडून मात्र देऊ नका. शरीराचे गुण "आजारामुळेच" म्हणून वजा करून टाकणं हीसुद्धा चूक आहे, कारण नैराश्यातही झोप आणि भूक जाते.

भरून घेण्याचा दिवस जपून निवडा. डायलिसिसनंतर लगेच नको, चार तासांच्या सत्रानंतरचा थकवा वेगळाच असतो. सांधे सुजलेल्या आठवड्यात किंवा स्टेरॉइडचा डोस बदलल्या बदलल्याही नको. वेळ कमी असेल तर पहिले दोनच प्रश्न विचारा. ६ पैकी ३ किंवा जास्त आले तरच उरलेले सात.

मन खाली जाण्यामागे शरीरातलं दुरुस्त होण्यासारखं कारण आहे का, हे आधी बघावं लागतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साध्या रक्तचाचणीतलं सोडियम याबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारायला सांगा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असतील तर जास्तच. मोठ्याने घोरणारा, दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा माणूस "कशातच उत्साह नाही" म्हणत असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी हवी. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चिडचिड, निद्रानाश, कधी अकारण उत्साह आणि मग घसरण, असं होऊ शकतं, मोठ्या डोसवर जास्त. ती गोळी शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर असते. कुणी संध्याकाळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते. स्वतःहून बंद करायची नाही, ते जिवावर बेतू शकतं.

मुंबईत हमखास दिसणारी आणखी एक गोष्ट. "बाहेर जावंसंच वाटत नाही" हे वाक्य ऐकलं की हृदयविकाराच्या आणि बीपीच्या रुग्णाला लघवीची गोळी चालू आहे का, हे विचारा. फ्युरोसेमाइड घेतल्यावर पुढचे काही तास वारंवार जावं लागतं, लोकलच्या डब्यात सोय नसते, आणि बोरिवली ते चर्चगेट तासाभराचा प्रवास. मग माणूस घरात बसतो किंवा प्रवासाच्या दिवशी गोळीच गाळतो आणि रात्री पाय सुजतात. त्याचं मन उडालेलं नसतं, त्याला लाज वाटत असते. गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का हा डॉक्टरांना विचारायचा साधा प्रश्न आहे, पण तो विचारायला कुणीतरी तोंडात शब्द द्यावे लागतात.

---

शर्वरी_डाएबेटिस_एज्युकेटर

मधुमेहवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्याच लागतील.

पहिली, घबराट आणि उतरलेली शुगर. दोन्हींत छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते. मनाने ठरवायचं नाही, बोट टोचून बघायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, साखर असेल तर तीन-चार सपाट चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट, पेढा, मोदक देऊ नका, तुपा-दुधातल्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात हळू चढते. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच लांबवते. त्यांच्याकडे ग्लुकोज पावडरच हवी. गटाच्या हॉलमध्ये एक डबा आणि ग्लुकोमीटर ठेवून द्या. मेटोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. अशांनी घामालाच इशारा समजावं. मशीन हाताशी नसेल आणि शंका असेल तर आधी ग्लुकोज, विचार नंतर. शुगर १३० निघाली आणि धडधड तरीही आहे, मग ती घबराट असू शकते. तेव्हा श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: आत चार मोजून, बाहेर सहा मोजून, पाचेक मिनिटं.

दुसरी, नैराश्य आणि मधुमेहाचा जाच. इंग्रजीत त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. २००५ साली विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी १७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. तिचे चार भाग आहेत: मनावरचं ओझं, डॉक्टरांबद्दलची नाराजी, पथ्य-औषधांचा ताण, आणि घरच्यांशी-मित्रांशी होणारी ओढाताण. उत्तरं १ ते ६, सरासरी २ किंवा जास्त आली तर लक्ष द्यायचं, ३ किंवा जास्त म्हणजे जाच मोठा. तुमच्या आठ जणांपैकी काही जण इथले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अशा माणसाला क्रिकेटची मॅच, नातवंडं, गणपतीची तयारी यांत अजून रस असतो. फक्त ग्लुकोमीटर समोर आला की तोंड उतरतं. त्याला नैराश्याची गोळी देऊन फार काही साधत नाही, ओझं कमी करावं लागतं: दिवसातून चारदा तपासणी खरंच लागते का, दोन गोळ्यांची एक होऊ शकते का, संकष्टीचा उपास आणि साबुदाण्याची खिचडी हे गणित डोस बदलून बसतं का.

घरच्यांच्या भागावर गटात सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तिथेच बदल लवकर दिसतो. ताटाकडे बघून "अहो, किती घेताय!" म्हटलं की माणूस घरी कमी आणि नाक्यावर जास्त खातो. त्याऐवजी मदत नेमकी मागायला शिकवा. "मला सगळ्यांसमोर टोकू नकोस. रात्री नऊला इन्सुलिनची आठवण कर, तेवढं पुरे." एक गोष्ट बंद, एक गोष्ट चालू. गटात जोड्या करून हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. कागदावर सोपं वाटतं, तोंडातून निघत नाही.

---

पूर्वा_माहीम

खूप आभार. चार प्रश्न वेगळे काढून बघितले. आठपैकी तिघांचेच पहिले दोन प्रश्न जड आहेत. त्यातल्या एका ताईंनी नवव्या प्रश्नाला १ दिला आहे. त्यांच्याशी कसं बोलू? आणि दोघं "मला वेड लागलेलं नाही, त्या गोळ्या आयुष्यभर चिकटतात" म्हणून जायलाच तयार नाहीत.

---

परळ_ओपीडी

नववा प्रश्न आधी, आणि आजच. शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं तर त्याच दिवशी, गटाबाहेर, एकटं बसून सरळ विचारायचं: "ताई, जगणं नकोसं वाटतं असं तुम्ही लिहिलंय. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. "आता देवाने न्यावं" हा थकव्याचा सूर असू शकतो, तरी त्याचीही दखल घ्यायचीच, काही दिवसांत तपासणी ठरवायची. काही ठरवलेलं असेल, आधी कधी प्रयत्न झालेला असेल, तर एकटं सोडायचं नाही, सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. दीर्घ आजाराच्या घरात औषधांचा साठा असतो, तेव्हा काही काळ तो घरातल्या दुसऱ्याकडे द्या, रुग्णाच्या हाताशी एका दिवसाचीच औषधं ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही.

टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. हा नंबर ताईंच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे. या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर केसपेपर काढायचा, आणि सोबत जुनी फाइल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, तो १४ दिवसांचा कागद आणि घरचं एक माणूस न्यायचं. गोळ्यांची पाकिटं नेणं सर्वांत महत्त्वाचं. नैराश्याच्या काही औषधांची ट्रॅमाडॉल या कडक वेदनाशामकाशी किंवा सांधेदुखीच्या पेनकिलरशी गडबड होते, पेनकिलरसोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वयस्कर माणसाला लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम उतरू शकतं. डॉक्टरांना यादी कळली की ते त्याप्रमाणे औषध निवडतात. फोनवरून समुपदेशन हवं असेल तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल सेवा आहे, ठाण्याच्या बाजूच्यांना आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था.

"चिकटतात" या भीतीबद्दल. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्या, सवय लागते हे खरं आहे. नैराश्यावर आज सर्रास दिली जाणारी औषधं त्या जातीची नाहीत. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होते आणि नेमकी तिथेच माणसं गोळी सोडतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. थांबवताना डोस हळूहळू उतरवतात, अचानक बंद केल्यास चक्कर, झिणझिण्या येतात, आणि त्यालाच लोक "व्यसन" समजतात. पायांच्या आगीसाठी कुणाला १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन दिलं असेल आणि नेटवर "नैराश्याची गोळी" वाचून ते घाबरले असतील, तर त्या गोळ्या नसांच्या दुखण्यावरही चालतात हे समजावा.

गोळ्या नकोच म्हणणाऱ्यांसाठी दार बंद होत नाही. गोव्यात संगत या संस्थेने, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत नैराश्यावर काम करून घेतलं. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. गाभा साधा आहे: मन तयार होण्याची वाट न बघता, ठरलेल्या वेळी एक छोटं काम करायचं. "शिवाजी पार्कला फेरी मारेन" असं मोघम नको. "मंगळवारी साडेपाचला, शेजारच्या काकूंसोबत, दहा मिनिटं" असं. संधिवातवाल्यांनी बऱ्या दिवशीही वेळ वाढवू नये. बऱ्या दिवशी सगळी साफसफाई उरकली की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात आणि "माझ्याच्याने काही होत नाही" ही भावना पक्की होते.

विमा असेल तर हेही सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच आधारावर संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीत ओपीडी धरलेली आहे का ते मात्र वाचून घ्यावं लागतं.

---

शर्वरी_डाएबेटिस_एज्युकेटर

पूर्वाताई, ताईंशी बोलणं झालं का ते कळवा. मी रात्री पुन्हा धागा बघेन.

चिठ्ठ्यांबद्दल एक राहिलं होतं. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत, समोर येईल ती चिठ्ठी उचलतात. जाड काळ्या मार्करने, बोटभर उंच अक्षरात लिहा. संधिवातवाल्यांना सकाळी पेन धरवत नाही, त्यांची नोंद दुपारच्या गोळीला बांधा किंवा फोनवर व्हॉइस नोट चालू द्या. आणि डायलिसिसवाल्या काकांना हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असेल तर रोज सकाळी ते त्यावर बोट ठेवून थरथर तपासत असतील. त्यांची एक ओळ त्याच वेळी होऊ दे.